टेकडीवरची रोगट झाडं: सरसकट तोडायची की काही ठेवायची?

टेकडीकर

नमस्कार मंडळी. पुणे परिसरातल्या एका टेकडीबद्दल लिहितोय, नाव मुद्दाम देत नाही नाहीतर धागा रस्ते आणि बोगद्यांवर जाईल आणि मूळ विषय राहील बाजूला. रोज सकाळी फिरायला येणारे आम्ही काही जण तिथे गेली बरीच वर्षं झाडं लावतोय, उन्हाळ्यात कॅनने पाणी घालतोय, वणव्याच्या सीझनला जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला जातोय. झाडी दोन तऱ्हेची आहे. खालच्या अंगाला जुन्या वनीकरणातली गिरिपुष्प, सुबाभूळ आणि पायऱ्यांच्या कडेने गुलमोहर. वर कातळाकडे मूळचीच सालई, मोई, कांडोळ, गणेर, मेडशिंगी, धावडा.

तर मागच्या आठवड्यात बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या दिसल्या आणि काहींवर नोटीस. "रोगट, वाळलेली व धोकादायक झाडे काढणे". जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच लावलीय. यादी मागितली तर मिळाली, पण त्यात झाडाच्या नावापुढे नुसतं "वाळलेले" किंवा "रोगट" एवढंच, कसला रोग, कुठे, किती, काही नाही. आणि बऱ्याच नोंदींत झाडाचं नाव "जंगली" :)

आता माझी अडचण अशी की यातली काही झाडं खरंच आजारी आहेत. पायऱ्यांजवळच्या दोन-तीन गुलमोहरांना बुंध्याशी तपकिरी रंगाची, कडेला पांढरी किनार असलेली टणक अळंबी आलीय, ताटलीएवढी. सुबाभळीला चिकट पांढरं काहीतरी. एका आंब्याच्या खोडातून भुसा पडतोय. म्हणजे सगळीच यादी खोटी असं म्हणून बोंब मारायची नाहीये. पण सगळी तोडली तर खालचा उतार उघडा पडेल आणि पावसात माती थेट सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. हरकत घ्यायची तर नक्की कशावर घ्यायची? जाणकारांनी सांगा.

चहाबिस्कीट

वाचतेय. आमच्या कॉलनीच्या बागेत पण हेच चाललंय.

काळा_पत्थर

मी स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. तोडा. मागच्या जूनमध्ये आमच्या ऑफिसातल्या एका मुलाच्या अंगावर गुलमोहराची फांदी पडली, बाईकवर होता, खांद्याचं हाड तुटलं आणि तीन महिने घरी. वर्षानुवर्षं ते झाड तसंच होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि दर वेळी कोणीतरी वृक्षप्रेमी हरकत घ्यायचा. पडल्यावर ते कुठे गेले विचारू नका. टेकडीवर म्हातारी माणसं, पोरं, सगळी येतात. झाड पुन्हा लावता येतं.

वनराणी

@टेकडीकर, मी कॉलेजात बॉटनी शिकवते म्हणून बोलते. गुलमोहराच्या बुंध्याशी तुम्ही वर्णन केलंय ते बहुधा गॅनोडर्मा. वरून लालसर तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी, खालून फिकट आणि बारीक छिद्रांची. खाली किंवा शेजारच्या पानांवर कोको पावडरसारखी पूड पडलेली दिसते का बघा, ते तिचे बीजाणू.

ही बुरशी मुळं आणि बुंध्याचा खालचा भाग आतून खाते. आत लाकूड पांढुरकं, स्पंजासारखं होतं. आणि यातली गोम अशी की वरचा पसारा कितीतरी काळ हिरवागार राहतो, कारण बाहेरच्या थरातून पाणी वर चढत असतं. फुलं येतात, पानं येतात, आणि जूनच्या पहिल्या वादळात झाड मुळासकट आडवं, खाली मुळांच्या जागी कुजलेले खुंट. काळा_पत्थर यांनी सांगितलेलं झाड बहुतेक बाहेरून छानच दिसत असणार.

अळंबी बाहेर आली याचा अर्थ आत काम बरंच उरकलेलं आहे. अळंबी काढून टाकून, वरून औषध मारून काही होत नाही. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून आसपासच्या लहान झाडांना द्या, थोडाफार उपयोग होतो, पण त्या मोठ्या गुलमोहराला वाचवेल अशी आशा ठेवू नका. पायऱ्यांवर झुकलेले असतील तर ते जाऊ देत.

पण मला खरी शंका आहे ती "वाळलेले" या शब्दाची. यादी केव्हा केली?

टेकडीकर

फेब्रुवारीच्या शेवटी. यादीवर तारीख आहे.

वनराणी

वाटलंच. अहो फेब्रुवारी-मार्चात सालई, मोई, कांडोळ, गणेर, पांगारा हे सगळे निष्पर्णच असतात! पानझडी रान आहे ते. कांडोळाची तर साल कागदासारखी सुटते, पांढरंफटक खोड, एक पान नाही, ज्याला माहीत नाही तो डोळे मिटून वाळलेलं म्हणून लिहिणार. गणेरावर पान नसताना पिवळी फुलं येतात, ती तरी दिसायला हवी होती.

उद्या जाऊन एवढं करा. बारीक फांदीवर नखाने साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर दुसऱ्या फांदीवर, मग आणखी खाली, मग बुंध्यावर बघा, कारण शेंड्याकडून वाळत येतं. फांदी वाकवून बघा, जिवंत असेल तर वाकते, मेलेली काडकन तुटते. कांडोळाला खरवडल्यावर डिंक येईल, हाताला चिकटेल, घाबरू नका.

हापूसवाला

नमस्कार, रत्नागिरीहून. भुसा पडतोय म्हणालात तो आंबा, त्याला भिरूड लागलाय. मोठा भुंगा खोडाच्या सालीत अंडी घालतो आणि अळी आत बोगदा करत जाते, बोटाएवढी जाड पांढरी अळी. आमच्याकडे पावसाआधी प्रत्येक बागायतदार एकेक झाड तपासतो. भोक शोधायचं, ताजा भुसा असेल तर अळी आत आहे, जुना काळपट असेल तर बहुतेक गेलेली. सायकलच्या तारेचा आकडा करून आत घालायचा आणि हळूहळू फिरवत ओढायची. कधी येते, कधी तिथेच चिरडते, तारेच्या टोकाला पांढरं पाणी लागलं की समजायचं. मग कापसाचा बोळा रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवून भोकात, आणि वरून चिखलाने बंद. हे काम दोन माणसांचं एका सकाळचं आहे, यासाठी आंबा तोडायचा म्हणजे अंगावर पुरळ आलं म्हणून हात कापायचा.

फांद्या कापल्यात तिथे बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर धरा, तांबूस थर चढला तर आंबटपणा जास्त आहे, अजून चुन्याची निवळी घाला. हे न बघता लावलं तर झाडाला भाजतं.

सुतारपक्षी

हापूसवाला काका, बागेत ठीक आहे पण टेकडीवर प्रत्येक कापाला पेस्ट लावत बसणं मला पटत नाही. फांदी नीट कापली, म्हणजे फांदीच्या मुळाशी जो फुगीर कॉलर असतो त्याच्या बाहेरून, तर झाड स्वतःच जखम बंद करतं. पेस्टखाली ओल अडकते असंही आता म्हणतात. आणि जास्त नुकसान कोयत्याने अर्धी तोडून साल सोलत खाली ओढलेल्या फांद्यांमुळे होतं. आधी खालून थोडा काप, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट कॉलरपाशी, एवढं केलं तरी बरंच.

हापूसवाला

आमच्या चार पिढ्या लावतायत. पावसात कोकणात उघडा काप ठेवून बघा मग बोलू. पण खालून आधी काप घ्यायचा हे शंभर टक्के बरोबर.

सुतारपक्षी

ठीक, पाऊस तुमच्याकडे जास्त, तुमचं मान्य :)

माझा मुद्दा वेगळा आहे. टेकडीवर मेलेली, अर्धमेली झाडं ही घरं आहेत. तांबट पक्षी घरटं कोरतो ते सुकलेल्या, जराशा कुजक्या फांदीत, बहुतेक खालच्या बाजूने, आणि साधारण जानेवारीपासून जूनपर्यंत त्याचा विणीचा काळ. म्हणजे यांचं तोडकाम बरोबर पिल्लं असताना. पिंगळा ढोलीत राहतो. राखी धनेश तर ढोलीशिवाय वंशच वाढवू शकत नाही, मादी आत बसते, दार लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून भरवतो. मराठा सुतार म्हणून एक सुतारपक्षीच आहे आपल्या नावाचा, पिवळसर डोक्याचा, तो अशाच रानात. निरोगी, सरळ, भरीव झाडांचं रान यांच्या काही कामाचं नाही.

त्यामुळे माझं मत, पायवाटेपासून लांब असेल तर मेलेलं झाड तसंच उभं ठेवा. वाटेजवळ असेल तर वरचा पसारा उतरवा आणि आठ-दहा फुटांचा सोट ठेवा.

काळा_पत्थर

म्हणजे पक्ष्यांसाठी आम्ही हेल्मेट घालून फिरायला जायचं.

सुतारपक्षी

"वाटेपासून लांब असेल तर" हे वाचलंत का भाऊ?

लेस्टरकर

इकडे इंग्लंडात आम्ही नेमकं हेच भोगतोय म्हणून लिहितो. घराजवळ एक सार्वजनिक रान आहे, स्थानिक लोकच बघतात, मी महिन्यातून एखाद्या रविवारी हातमोजे घालून जातो. इथे ॲश नावाच्या झाडाला बुरशीचा रोग आलाय, ॲश डायबॅक. मूळ पूर्व आशियातला, तिथल्या ॲशना फार त्रास देत नाही, युरोपातल्यांना मारतो. पोलंडमध्ये १९९० च्या दशकात दिसला आणि ब्रिटनमध्ये २०१२ साली नक्की झाला. खाली पडलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात बारीक पांढऱ्या छत्र्या येतात आणि त्यातून बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यामुळे अडवणं शक्यच नाही. थोडी टक्के झाडं मात्र टिकून राहतायत.

सुरुवातीला इथे पण धडाधड तोडा असा सूर होता. मग लक्षात आलं की सगळी तोडली तर टिकणारी पण त्यातच जाणार आणि पुढचं बी कुठून येणार. आता पद्धत अशी की पर्णसंभार किती उरलाय त्यावर चार गट करतात, पाऊण ते पूर्ण, अर्धा ते पाऊण, पाव ते अर्धा, आणि पावापेक्षा कमी. आणि त्याच्या जोडीला बघतात की खाली काय आहे, रस्ता, शाळा, बाक, की नुसतं रान. शेवटच्या गटातलं झाड रस्त्यावर असेल तर लगेच काढतात. तेच झाड रानात आत असेल तर हात लावत नाहीत.

आणि वनराणी मॅडम, तुमच्या मुद्द्याला जोड, हा सर्व्हे फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, झाड पूर्ण पानांवर असताना करतात. हिवाळ्यात केला तर सगळीच मेलेली दिसणार ना. म्हणजे फेब्रुवारीत पुण्याच्या टेकडीवर जे झालं ते इथल्या हिशोबाने डिसेंबरातला सर्व्हे.

अजून एक, मेलेला ॲश फार ठिसूळ होतो, त्यामुळे त्यावर माणूस चढवत नाहीत, क्रेनच्या पाळण्यातून कापतात. तुमच्या कंत्राटदाराची पोरं दोरी बांधून कुजक्या गुलमोहरावर चढणार असतील तर आधी त्यांचा विचार करा.

टेकडीकर

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या वर्षी चप्पल घालून चढलेला मुलगा बघितलाय.

खरवडून बघितलं आज. लाल फुली मारलेल्या कांडोळांपैकी एकही मेलेला नाही. सगळे हिरवे. डिंक हाताला अजून चिकटलाय. सालईपैकी एक खरंच गेलीय, वरपासून खालपर्यंत कोरडी, बुंध्याला एका बाजूने काळी पडलेली जखम. बाकी ठणठणीत. आणि गंमत म्हणजे पायऱ्यांजवळच्या अळंबीवाल्या गुलमोहरांपैकी एकावरच फुली आहे. दुसऱ्या दोघांवर नाही, कारण त्यांना पानं आहेत.

म्हणजे जे पडणार ते यादीत नाही आणि जे उभं राहणार ते यादीत.

काळा_पत्थर

हे मात्र भयानक आहे.

गोंदियाचा गडी

राम राम मंडळी. आमच्या बाजूला मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे साल वृक्षाचं रान हाय. तिथं १९९७-९८ च्या सुमारास सालबोररची लय मोठी साथ आली होती. लाखोंनी झाडं गेली. भुंगा पहिल्या पावसाले बाहेर निघते, सालीत अंडे घालते, अळी आतून पोखरते आन् झाडाखाली भुशाचा ढीग लागते. माझा मामा तिकडचाच, त्यानं सांगतलेली गोष्ट. साल झाडाचे ओंडके कापून त्याची टोकं ठेचून रानात टाकून ठेवत. त्या ताज्या रसाचा वास भुंग्याले दुरून येते, ते येतात आन् रस पिऊन तिथंच पडून राहतात. सकाळी गावातले पोरंसोरं, बाया जाऊन वेचत. नगावर पैसे भेटत. मामा म्हणे आम्ही डबे भरभरून देल्ले.

सांगायचा मुद्दा असा का तिथं बी लागणीपरमाने झाडाची वर्गवारी केली होती. थोडं भोक असलेलं झाड वाचते. सालीतून रस सोडून अळीले बुडवते ते. सगळं लागलेलं झाड काढून लांब न्यावं लागते, नाहीतर त्यातूनच पुढच्या पावसाले भुंगे. म्हणून "रोगट" एवढा एकच शब्द लिहून चालत नाही भाऊ, कोणता रोग, कितीक, अन् तो शेजारच्या झाडाले जाते का नाही हे लिहा लागते.

चहाबिस्कीट

गडी भाऊ, काय मस्त लिहिलंय. भुंगे वेचण्याचे पैसे, हे नवीनच कळलं.

वरळी_सीफेस

सुबाभळीवरचं पांढरं चिकट म्हणजे पिठ्या ढेकूण असावा. मुंबईत गेल्या दहा-बारा वर्षांत रेन ट्री याच्यामुळे किती गेले, डोळ्यांदेखत. मोठमोठे, रस्त्यावर मांडव घातल्यासारखे असायचे. किडा रस शोषतो, चिकट पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या त्यांना इकडून तिकडे फिरवतात. पण एकट्या ढेकणाने एवढं झाड मरत नाही असंच मला वाटतं. बुंध्यापर्यंत काँक्रीट, मुळं केबलवाल्यांनी तोडलेली, पाणी आत जात नाही, आणि मग ढेकूण शेवटचा धक्का देतो. दिल्लीत २०१३ मध्येच हरित लवादाने झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा म्हणून सांगितलं होतं. तुमच्या टेकडीवर पेव्हर ब्लॉक घातलेत का?

टेकडीकर

पायऱ्या आणि पहिल्या वळणापर्यंत हो. ते करताना गुलमोहराची एका बाजूची मुळं कापली होती, मला आठवतंय, जाडजूड मुळांचे तुकडे कडेला पडले होते.

वनराणी

झालं. गॅनोडर्माला आत शिरायला तेच दार. आणि सालईच्या बुंध्याची एका बाजूची काळी जखम म्हणजे वणव्याची. आग वाऱ्याच्या उलट बाजूला बुंध्याशी रेंगाळते, साल भाजते, दोन वर्षांनी ती साल गळून पडते आणि मग किडा, बुरशी जे यायचं ते येतं. म्हणजे रोगाचं व्यवस्थापन करायचंय ना, तर त्यातला निम्मा भाग चेनसॉ बाहेर काढायच्या आधीचा आहे. जाळरेषा वेळेवर, बुंध्याशी पाला जाळायचा नाही, मुळांवर खणायचं नाही, खिळे ठोकून पाट्या लावायच्या नाहीत. "झाडे लावा झाडे जगवा" ची पाटी खिळ्याने झाडालाच ठोकलेली मी बघितलीय.

अमरावतीची_आर्या

जरा विषयांतर. बांडगूळ काढायचं की नाही? आमच्या इथल्या बागेत काका लोक त्यावर तुटून पडतात.

सुतारपक्षी

बांडगूळ अर्धं परजीवी आहे, पाणी आणि क्षार झाडाकडून घेतं, अन्न स्वतःच्या पानांत बनवतं. फुलटोचा पक्षी फळं खातो, बी चिकट असतं, फांदीवर घासून टाकतो आणि तिथे नवीन उगवतं. आणि हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. टेकडीवर एखाददुसरं असेल तर राहू द्या.

हापूसवाला

बागेत मात्र काढायचंच, आणि नुसतं उपटून नाही, गाठीच्या खालून फांदीसकट. एकदा पसरलं की फांदीचा शेंडा वाळत जातो. पण हे बोलताना माझं उत्पन्न त्या झाडावर आहे, टेकडीवर तसं नाही, हा फरक मान्य.

कायद्याचं_बोला

आता हरकतीचं. शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू. झाड तोडणे यात कापणं, जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं, म्हणजे मुळं तोडणं पण. तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची प्रक्रिया, वर्तमानपत्रात जाहिरात आणि झाडावर नोटीस. हरकतीची मुदत नोटिशीवर असते आणि ती फार थोड्या दिवसांची असते, ती चुकली की पुढे भांडण अवघड. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावायची तरतूद आली. वरचा भाग वनजमीन असेल तर तिथे हा कायदा नाही, वनखात्याचं वेगळं, आणि तिथे तुम्ही स्वयंसेवकांनी चांगल्या हेतूनेसुद्धा कोयता चालवायचा नाही, वनगुन्हा होऊ शकतो.

हरकत भावनिक लिहू नका. "आम्हाला झाडं प्रिय आहेत" वगैरे नको. प्रत्येक झाडाचा नंबर, जात, फोटो, खरवडलेल्या सालीचा फोटो, पायवाटेपासून किती फूट, आणि मागणी: संयुक्त पाहणी. आणि त्याच अर्जात जी झाडं खरंच धोकादायक आहेत पण यादीत नाहीत ती स्वतःहून लिहा. याने अर्जाला वजन येतं. एरवी सगळे हरकतवाले एकाच पारड्यात टाकले जातात.

काळा_पत्थर

हे शेवटचं वाक्य कोणीतरी आमच्या ऑफिसबाहेरच्या झाडाच्या वेळी सांगायला हवं होतं. टेकडीकर, ते दोन गुलमोहर अर्जात पहिल्या नंबरला टाका, मग माझी पण सही घ्या.

टेकडीकर

टाकतो. सही लागेलच, भेटू.

अजून एक शंका. पोकळ झाड म्हणजे धोकादायक का? वरच्या देवळापाशी एक जुना वड आहे, आत लहान मूल बसेल एवढी ढोली.

वनराणी

पोकळ आहे एवढ्यावरून नाही. झाडाचा आतला गाभा तसाही मेलेलाच असतो, ताकद बाहेरच्या कवचात. ढोबळ हिशोब असा करतात की उरलेली घट्ट भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर बरं. लाकडी हातोडीने चारही बाजूंनी ठोकून ऐका, घट्ट असेल तिथे टणक आवाज, पोकळ असेल तिथे बद्द. पण हा नियम ढोलीला मोठं तोंड असेल तर नीट लागू होत नाही, आणि वडाला पारंब्यांचे खांब असतील तर गोष्टच वेगळी. पारंब्या कोणी कापल्यात का बघा आधी, देवळाच्या आवारात साफसफाई म्हणून छाटतात. मुळाशी माती उचललेली, भेगा पडलेल्या, झाड एका बाजूला नव्याने कललेलं, या गोष्टी ढोलीपेक्षा जास्त गंभीर.

टेकडीकर

अपडेट. धागा वर काढतोय.

संयुक्त पाहणी झाली. आलेले साहेब तरुण होते आणि खरं सांगायचं तर समजूतदार निघाले, यादी त्यांच्या नावावर असली तरी केली होती कंत्राटदाराच्या माणसाने, गाडीतून खाली न उतरता असा माझा अंदाज. कांडोळाची साल त्यांच्यासमोर खरवडली, हिरवी बघून ते काहीच बोलले नाहीत, सरळ यादीवर काट मारली. सालई, मोई, गणेर पण निघाले, ती एक मेलेली सालई सोडून. ती वाटेपासून आत आहे म्हणून तशीच उभी राहणार, त्याच्यासाठी मला बरीच वटवट करावी लागली. आंबा यादीतून बाहेर, भिरूड आम्ही काढायचा, हापूसवाला काका तुम्हाला फोटो पाठवतो. पायऱ्यांवरचे तिन्ही गुलमोहर तोडायचे असं ठरलं, आमच्याच सांगण्यावरून, यावर ग्रुपमधल्या दोन जणी माझ्याशी बोलत नाहीयेत. सुबाभळीवर वाद राहिला. त्यांना ती सगळी काढायची आहे, रोगट म्हणून नव्हे, परकी म्हणून. आमचं म्हणणं एकदम नको, उतार धरून ठेवलाय तिने, टप्प्याटप्प्याने आणि मधे देशी रोपं उभी राहिल्यावर.

बाकी सर्व्हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा करू, सगळं पानावर असताना आणि पावसात अळंब्या वर आलेल्या असताना, यावर ते तोंडी हो म्हणाले. लेखी मागितलंय.

लेस्टरकर

वा! सप्टेंबरचं लेखी घ्याच.

काळा_पत्थर

गुलमोहर पावसाआधी जाणार का? तारीख दिली का?

टेकडीकर

नाही. मे अखेरपर्यंत म्हणतात. तोपर्यंत त्या टप्प्यावर दोरी लावून मागच्या वाटेने वळवायला सांगितलंय, दोरी आम्हीच आणली, पाटी पण. लोक दोरीखालून वाकून जातात.

काळा_पत्थर

रविवारी मी उभा राहतो तिथे. सहा ते आठ.

वनराणी

तोडल्यावर एक लक्षात ठेवा. बुरशी बुंध्यात आणि मुळांत कितीतरी वर्षं जिवंत राहते. नुसता जमिनीलगत कापून त्याच खड्ड्याशेजारी पुन्हा गुलमोहर नाहीतर सुबाभूळ लावायची नाही. जमलं तर बुंधा मोठ्या मुळांसकट उकरून काढा. तिथे पायऱ्यांमुळे ते जमणार नसेल तर शेजारचं जगवायचं झाड आणि बुंधा यांच्यामध्ये खोल चर मारा, मुळं एकमेकांना लागू नयेत म्हणून, पण चर मारताना त्या जगवायच्या झाडाचीच मुळं तोडू नका. आणि करवत एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना पातं स्पिरिटने पुसायला लावा.

हापूसवाला

आणि त्या लाकडाचा भुसा, चिपाड दुसऱ्या झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालू नका, लोक फुकट मिळालं म्हणून घालतात. गुलमोहराचं लाकूड वखारवाला घेत नाही, कंत्राटदार तिथेच टाकून जाईल, तर उचलायचं कोणी ते कामाच्या आदेशात लिहून घ्या. भिरुडाचे फोटो आले, वरचं भोक ताजं आहे, खालची दोन जुनी. वरच्यापासून सुरू करा.